रुक्माबाईंनी मागितलेला एक दिवस

हिंगोलीच्या कॉलेजात रुक्माबाई खिल्लारे शिपाई होत्या. तासाची घंटा द्यायची, माठ भरायचे, वर्ग झाडायचे. नवरा गेल्यावर ही नोकरी मिळाली तेव्हा त्यांना सही येत नव्हती. महिन्याभरात त्या शिकल्या, कारण पगाराच्या कागदावर अंगठा उठवणं त्यांना पटत नव्हतं. बोलणं मोजकं, पण 'करते' म्हणाल्या की ते झालंच, हे गावाला माहीत होतं.

चौऱ्याहत्तर साली अमृतराव सरांनी कॉलेजच्या मुलींचा खो-खोचा पहिला संघ उभा केला. स्पर्धा परभणीला होत्या आणि बरोबर कुणी बाई असल्याशिवाय मुलींच्या संघाला प्रवेश नव्हता. प्राध्यापकांत बाई एकही नव्हती. सरांनी व्यवस्थापक म्हणून रुक्माबाईंचं नाव लिहिलं, आणि दहाही मुलींच्या घरी त्याच जाऊन आल्या. नऊ घरं हिंगोलीतली. दहावं गोरेगावजवळच्या तांड्यावरचं, वसराम राठोडांचं. त्यांची रूपा मामाकडे राहून शिकत होती, आणि तिच्यासारखं पळणारं संघात दुसरं कुणी नव्हतं. प्रत्येक घरी रुक्माबाईंनी एकच सांगितलं: सोमवारी नेते, बुधवारी दिवस मावळायच्या आत आणून सोडते.

चूक झाली ती इथंच. कॉलेजच्या मुलांचे संघ वर्षानुवर्षं पहिल्या नाहीतर दुसऱ्या सामन्यात हरून परतत. मुलींना बुधवारपर्यंतची मुभा पुष्कळ झाली, असं सरांनाही वाटलं. जिंकलो तर काय, हा विचारच कुणाच्या डोक्यात आला नव्हता. भाकरीसुद्धा तेवढ्याच बांधलेल्या.

मुली सोमवारी जिंकल्या. मंगळवारी सकाळी जिंकल्या, संध्याकाळी पुन्हा जिंकल्या. बुधवार मुलांच्या सामन्यांचा. मुलींची फायनल गुरुवारी दुपारी. हे कळल्यावर त्या नाचल्या, आणि मग एकदम थांबून रुक्माबाईंकडे बघू लागल्या.

सर म्हणाले, घरोघरी तार करून टाकू.

"तार नको, सर," रुक्माबाई म्हणाल्या. "आपल्याकडं तार कशाची येते? दारात तारवाला दिसला की बाया कागद फोडायच्या आधीच गळा काढतात. मीच जाते."

मुलींना तिथल्या वसतिगृहाच्या बाईंच्या हवाली करून बुधवारी पहिल्या एस.टी.नं त्या निघाल्या. दुपारपर्यंत हिंगोलीतली घरं झाली. कुठं उभ्या-उभ्या होकार मिळाला, कुठं दोनदा चहा घ्यावा लागला. एका आजीनं विचारलं, पोरीच्या जातीनं इतकं जिंकायची गरज काय होती. एक काका लोक काय म्हणतील यावर बराच वेळ बोलले. रुक्माबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लोकांना आपली पोरगी फायनलला गेली म्हणून सांगा, एवढंच म्हणाल्या.

गोरेगावला उतरून तांड्यापर्यंत चालत पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. त्यांना एकटीला बघून रूपाची आई पारुबाई हातातली घागर खाली ठेवून धावत आली.

"लेकरू कुठंय? तुमी एकट्याच काहून आल्या?"

"बरी हाय रूपा. जिंकून राहिली, म्हणून एकटी आले."

वसराम बाजेवरून उठले नाहीत. "बाई, बुधवार म्हनला होता तुमी."

"व्हय. एक दिवस वाढवून मागायला आले."

"आन मी न्हाई म्हनलो तर? पोरगी तर तिकडं हाय."

"तर उद्या पहिल्या गाडीनं तिला आणून सोडते. एक रात चुकली, तिचा बोल मला लावा. पोरीला नका लावू."

"तिच्याबिगर खेळ होत न्हाई का?"

"नऊजणी लागतात. नऊजणी हायेत. खेळतील, पर जिंकायच्या न्हाईत."

वसराम म्हणाले, "आमचा आजा बैलांवर धान्य लादून दूरदूर जायचा. कबूल केलेल्या दिवशी पोचणं झालं न्हाई, तर मानूस पुढं पाठवून सांगायचा. तुमी बराबर तेच केलं." पारुबाईकडे बघत त्यांनी पुढं जोडलं, "पर हिला संगं न्या." ते बोलेपर्यंत पारुबाई ओढणी बदलायला आत गेलीसुद्धा होती.

गुरुवारी आरसे जडवलेली कांचळी-चोळी घातलेली पारुबाई मैदानाच्या कडेला रुक्माबाईंना खेटून बसली. खेळ तिला कळत नव्हता. कोण कुणाच्या मागं पळतं, हे ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. शेवटच्या डावात गुण सारखे झाले. अर्धं मिनिट उरलं असताना रूपानं खो घेतला, खांबाला वळसा घातला आणि निसटू पाहणाऱ्या मुलीच्या पाठीवर हात टेकवला. शिट्टी वाजली. पारुबाई शेजारच्या अनोळखी बाईला हलवून सांगत होती, "माझी हाय ती." ढाल घेताना व्यवस्थापकाची सही लागली. रुक्माबाईंनी ती सावकाश, पूर्ण आडनावासकट केली.

पुढच्या वर्षी संघासाठी तेवीस मुलींनी नावं दिली. रुक्माबाई पुन्हा घरोघरी गेल्या आणि या वेळी त्यांनी सगळीकडे सरळ पाच दिवस मागितले. तांड्यावर वसरामांनी ऐकून घेतलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, "फायनल धरून पाचात भागतंय का, बाई? न्हाईतर सहा घ्या."