कुत्रीकडं पाहू नका

आमची पिठाची गिरणी कळमनुरीच्या बाहेरच्या अंगाला, घराच्याच पुढच्या खोलीत आहे. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, शेत बघतात, गिरणी मी चालवते. त्या उन्हाळ्यात लेंडीखतासाठी आमच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. कळप उठला त्या सकाळी मेंढपाळ चार-पाच महिन्यांची एक तांबूस कुत्री दोरीला धरून गिरणीच्या दारात आला.

"ठिवता का हिला?" तो म्हणाला. "मेंढराला बी भिते, माणसाला बी भिते. आमच्या काई कामाची न्हाई."

"मंग आमच्या तरी काय कामाची?" मी म्हणाले खरी, पण तोवर दोरी माझ्या हातात आली होती.

पहिले आठ दिवस ती खाटेखालून निघालीच नाही. मग हळूहळू माझी आणि मालकांची सवय झाली. आम्ही तिला नुसतं 'पोरगी' म्हणायचो. आम्ही दोघंच असलो की ती घरभर नाचायची, माझ्या पदराला लोंबकळायची. पण दारात तिसरं माणूस दिसलं की शेपूट पोटाशी, आणि पोरगी पोत्यांच्या मागे. आता गिरणी म्हणजे दिवसभर परकी माणसं. तिने जगावं कसं?

मला वाटलं, रोज माणसं बघितली की भीती मरेल. म्हणून मी तिला दाराशीच बांधायला लागले. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई दळण घेऊन आल्या. बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक, मनाने फार चांगल्या. "अगं बाई, किती गोड आहे!" म्हणत त्या वाकल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या. पोरगीला मागे सरायला दोरी पुरली नाही. तिने पुढे झेप घेतली आणि बाईंचा पदर टर्रकन फाडला. दात कातडीला लागला नाही हे नशीब.

"हिला बांधून ठेवा नाहीतर सोडून या," बाई म्हणाल्या. "मी काही आता इथे येणार नाही." डबा तसाच उचलून त्या खालच्या गल्लीतल्या गिरणीकडे गेल्या.

संध्याकाळी मालक म्हणाले, "सिद्धेश्वर धरणाकडं नेऊन सोडू. तिथं मासळीवाले असतात, पोट भरंल तिचं."

मी उठून पोरगीपाशी गेले. तिची दोरी त्याच वेळी सोडली आणि पुन्हा कधी बांधली नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी लाइन गेली होती. गिरणी बंद, आणि बाकावर एकटे आंधळे बाबा बसलेले. बाबा पलीकडच्या आळीतले. डोळे जाऊन पंधरा-वीस वर्षं झालेली, पण काठी टेकत एकटे यायचे. त्यांचं तोंड रस्त्याकडे होतं, हात गुडघ्यावर उपडे. मी आत चहा टाकत होते. तेवढ्यात बाबांचा आवाज आला, "सूनबाई, माझ्या हाताला काय ओलं लागून राहिलं?"

मी दारातून डोकावले. पोरगी पोत्यांमागून निघून बाबांच्या हातापाशी उभी होती आणि त्यांची बोटं हुंगत होती.

"बाबा, हलू नका. कुत्री हाय."

"हाय तर असू द्या," बाबा म्हणाले. हाताचं बोटसुद्धा न हलवता ते तसेच बसून राहिले. लाइन आली, मोटार घरघरली, तेव्हाच ती पळाली.

मी त्यांना विचारलं, "तुमच्यापाशीच काहून आली असंल?"

बाबा हसले. "मला दिसत न्हाई म्हून आली. तुमी समदे तिच्याकडं टकमक पाहून राहिले, वाकून राहिले. नव्या नवरीगत करून टाकलं तिला. मी कुठं पाहतो?"

एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी खडूने दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कुत्रीकडं पाहू नका.' झालं उलटंच. जो येईल तो ते वाचून आधी म्हणायचा, "कुठाय कुत्री?" आणि वाकून वाकून शोधायचा. संध्याकाळी मी ते पुसून टाकलं.

मग तोंडानेच सांगायला सुरुवात केली. माझा स्वभाव कमी बोलण्याचा. गिरणीच्या आवाजात तशी बोलायची गरजही पडत नाही. पण आता प्रत्येक गिऱ्हाइकाला दारातच थांबवून सांगायचे, "बाकावर बसा, तिच्याकडं पाठ करा, हा भाकरीचा तुकडा शेजारी ठिवा, आन् ती आली तरी हात लावू नका." कुणी हसायचे, कुणी म्हणायचे, "भाभी, दळायला आलो का कुत्र्याच्या सेवेला?" पण बसायचे.

बाबा तर रोजच यायला लागले. एक डबा ज्वारीचं दळण त्यांना आठवडाभर पुरायचं, आता तेच वाटून ते रोज पिशवीत शेर-दोन शेर घेऊन यायचे, म्हणजे रोज तिच्यापाशी बसता यावं. ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. महिन्याभरात पोरगी त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपायला लागली, आणि इतरांच्या शेजारचा तुकडा, मान लांब करून का होईना, उचलायला लागली.

आणि मग एक माणूस डोक्यावरचं हेल्मेट न काढताच आत आला. पोरगी जी पळाली ती मागच्या तुरीच्या रानात. दिवेलागणीला मालकांनी तिला उचलून आणलं, पण पुन्हा सगळं पहिल्यासारखं. चार दिवस पोत्यांमागे. मला रडू आलं.

"त्यात काय एवढं," बाबा म्हणाले. "एक डाव आली व्हती ना? मंग पुन्ना यील."

मी मालकांचं हेल्मेट जमिनीवर उलटं ठेवलं आणि त्यात तिची भाकर कुस्करून घातली.

"आन् मी डोक्यात काय घालू?" मालक ओरडले.

"धुऊन देते की," मी म्हणाले.

आठ दिवसांत ती त्यात तोंड घालून जेवायला लागली. मग मालक तेच हेल्मेट घालून तिच्याकडे पाठ करून बाकावर बसायला लागले, अर्धा अर्धा तास, एका शब्दाने कुरकुर न करता. धरणाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दिवाळी आली. त्या आठवड्यात गिरणीला उसंत नसते. चकलीची भाजणी, बेसन, अनारशाचं पीठ. दारापर्यंत माणसं, बाकावर जागा नाही, आणि पोरगी? पोरगी भर वाटेत उंबऱ्याशी आडवी पसरलेली. लोक तिला ओलांडून जात होते आणि ती नुसती कान हलवत होती.

तेवढ्यात बाई आल्या. खालच्या गिरणीचा पट्टा तुटला होता, त्यांचा नाइलाज होता. भाजणीची पिशवी छातीशी घट्ट धरून, भिंतीकडे नजर लावून त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. भीतीपोटी त्यांनी कुत्रीकडे एकदाही बघितलं नाही. पोरगीला नेमकं हेच हवं असतं. ती उठली, माणसांच्या पायांतून वाट काढत गेली, बाईंची चप्पल हुंगली आणि त्यांच्या पायाला अंग टेकून बसली.

बाई भिंतीकडे बघतच कुजबुजल्या, "मी... हलू का?"

"नका हलू, बाई," मी म्हणाले आणि मोटार बंद केली. एकदम शांत झालं. दळणाला आलेलं सगळं गाव बघत होतं, तरी पोरगी हलली नाही. मी भाकरीचा तुकडा बाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि हात खाली सोडला. पोरगीने तुकडा ओठांनी अलगद उचलला, खाल्ला, आणि मग त्यांचा रिकामा तळहात चाटून काढला.

"घेतला! घेतला की हो!" बाई ओरडल्या. लोकांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी शिट्टी मारली. मी धसकले, आता ही पळणार. पण पोरगीने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि शेपूट अशी हलवली की खालचं पीठ उडून बाईंच्या साडीवर बसलं.

बाई खाली बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मी पिठाच्या हातांनीच त्यांना उठवलं. मालकांना म्हणाले, "जा, चौकातून गरम जिलेबी घिऊन या, समद्यांना पुरंल येवढी." त्या दिवशी दळणाची रांग अर्धा तास खोळंबली. माणसं उभ्याउभ्या जिलेबी खात होती, आणि आमची पोरगी एकेकाच्या समोर जाऊन बसत होती, ओळखीच्याही आणि बिनओळखीच्याही.