एका पत्त्यावरच्या दोघी

चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून घरी आली, की सुनेचा दुसरा संसार सुरू व्हायचा. जिन्याखालच्या खोलीत एका जुन्या संगणकाच्या पोटात तिने चार-पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातले संगणक, थाटली होती. घरात तिला ‘खटपटी’ म्हणत, ते काही उगाच नाही. त्यातल्याच एका मशीनवरून सासूबाई आणि परगावची मावशी, या सख्ख्या बहिणी, रोज संध्याकाळी पोटभर बोलत.

आठवडाभर मात्र दोघींचा अबोला चालला होता. “तुला मेलीला ऐकून घ्यायचंच नसतं,” असं सासूबाई म्हणाल्या आणि पलीकडचा आवाज गेला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. धाकटीने फोन आपटला म्हणून या रुसल्या. वय झालं तरी हट्ट काही झिजला नव्हता. सासूबाईंना घास गोड लागेना, आणि सुनेला ते बघवेना.

कारण सापडलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. काही बिघडलं तर हाताशी असावी म्हणून तिने त्या मशीनची नक्कल केली होती, आणि ती चालूच राहिली होती. नकलेत हार्डवेअर पत्ताही, म्हणजे नेटवर्कवर मशीन ओळखायचा क्रमांक, जसाच्या तसा उतरला होता. एका पत्त्यावर मूळ मशीन आणि तिची नक्कल अशा दोघी नांदत होत्या. मावशीचा आवाज कधी हिच्याकडे जाई, कधी तिच्याकडे. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

नकलेला नवा पत्ता द्यायचा, तर तिने हौसेने लग्नाच्या तारखेने, पंधराने, सुरुवात केली. मशीन सुरूच होईना. असा पत्ता दोन-दोन अंकांच्या जोड्यांचा असतो; पहिली जोडी विषम असली, की नेटवर्क तो पत्ता एकट्याचा मानत नाही, अनेकांना मिळून मारलेली हाक समजतं. तिने पंधराचे सोळा केले.

“एक दिवस थांबलो असतो तर चाललं असतं म्हणायचं,” नवरा म्हणाला.

ती सासूबाईंकडे गेली. “आई, माझंच चुकलं. फोन मावशींनी नाही, माझ्या मशीनने तोडला.”

“मग बघतेस काय? लाव.”

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, पहिल्यांदा मशीनने तोडला असेल गं. दुसऱ्यांदा मीच ठेवला.”

“ठाऊक आहे मला. मशीन काय ‘हं’ करून फोन ठेवतं होय?” सासूबाई म्हणाल्या. “बोल आता.”

सुनेचा जीव भांड्यात पडला. आज जेवायला उशीर होणार हे ओळखून तिने गॅस बंद केला.