अदनच्या आराखड्यातलं चौथं कलम

शारजाच्या विमानतळाबाहेर माझा धाकटा भाऊ युसुफ दिसला आणि मी आधी पर्स चाचपून पाहिली. आत अकरा टाइप केलेली पानं होती. आमचे अब्बा साठच्या दशकात अदनच्या बंदरात टायपिस्ट होते. अदन तेव्हा इंग्रजांची वसाहत. गोदीतल्या सात अरब तरुणांनी स्वतंत्र देशाच्या राज्यघटनेचा पहिला आराखडा लिहिला, तो अब्बांनी सुटीच्या दिवशी बसून टाइप केला. सापडले असते तर तुरुंगच. पुढे देश स्वतंत्र झाला आणि आम्ही रत्नागिरीला परतलो. कार्बन कॉपी ट्रंकेत राहिली, अब्बा गेले तरी राहिली.

त्या सातांपैकी सालेह चाचा तेवढे हयात होते. १९९४ च्या यादवीत अदन सोडून ते अबूधाबीच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात मुलाकडे आले होते. युसुफने त्यांचा पत्ता काढला आणि पुढच्याच हिवाळ्यात मी शाळेतून रजा घेऊन निघाले. मी इतिहास शिकवते. असा माणूस पाहायला मिळणार, याचंच अप्रूप होतं.

शारजा ते अबूधाबी रस्ता सरळसोट, दोन्हीकडे फिकट वाळू. जबल अलीच्या पुढे टायर फुटला. अर्धा तास उन्हात उभे राहिलो. युसुफची मुलगी म्हणाली, "फुफी, व्हाय मुसफ्फा? इट्स ओन्ली गॅरेजेस."

खरंच, गॅरेजंच होती. वेल्डिंगच्या ठिणग्या, कंपनीच्या बसगाड्या, कामगारांच्या कॅम्पच्या कठड्यांवर वाळत घातलेले निळे डगले. एका गॅरेजच्या माडीवर सालेह चाचांची मजलिस (बैठकीची खोली) होती, म्हणजे एक गालिचा आणि दोन लोड. सुनेने शाही अदनी (वेलची घातलेला दुधाचा चहा) आणून ठेवला.

"टायपिस्ट की बेटी," ते अदनच्या हिंदीत म्हणाले. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसत नव्हतं. "पढ़ के सुना."

मी वाचू लागले. ते मान डोलवत होते, मधूनच पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणत होते. चौथं कलम आलं : अदनमध्ये राहणारा प्रत्येक जण, अरब असो, हिंदुस्थानी असो की सोमाली, नव्या देशाचा समान नागरिक असेल.

त्यांनी हात वर केला. "ये बाद में काट दिया था."

"किसने?"

"हम सातों ने. मैंने भी हाथ उठाया."

"अब्बा को मालूम था?"

त्यांनी गालिच्यावरून हात फिरवला. "दूसरी बार भी उसी ने टाइप किया. कुछ बोला नहीं. चाय पी के गया."

खालून हॉर्न वाजला. त्यांचा मुलगा कंपनीची बस चालवायचा, त्याची पाळी होती. दारातून त्याने बापाकडे एकदा पाहिलं, "यल्ला" (चला) म्हणाला आणि निघून गेला.

"मेरे घर में अब दूसरे लोग रहते हैं," सालेह चाचा म्हणाले. "यहाँ बेटे के वीज़े पर हूँ. वीज़ा बंद हुआ तो कहाँ जाऊँगा, मालूम नहीं. बेटी, माफ़ कर दे."

मी पानं त्यांच्यासमोर ठेवली, तर त्यांनी चाचपडत गोळा करून परत माझ्या हातात दिली. "ले जा. यहाँ कौन पढ़ेगा?"

उरलेले चार दिवस युसुफने मला बाजार, समुद्र, उंच इमारती दाखवल्या. मी हो हो म्हणत राहिले. वीस वर्षं मी वर्गात अशा आराखड्यांची कलमं पाठ करून घेतली होती. खोडलेल्या कलमांबद्दल एकाही मुलाला कधी विचारलं नव्हतं.

रत्नागिरीला पोचले त्या संध्याकाळी अम्मा ओसरीवर वाट पाहत होती. पंच्याहत्तरी ओलांडली तिने. मी चपला काढण्याआधीच तिने विचारलं, "सालेह भेटला? काय म्हणाला?"

"तुझी आठवण काढली."

"आणि आपल्याला परत कधी बोलावणार? तुझे अब्बा म्हणायचे, आपलं नाव कागदात लिहिलंय, देश सावरला की बोलावतील."

मी तिच्याशेजारी बसले. ती उत्तराची वाट पाहत राहिली आणि मी तिला प्रवासात टायर कसा फुटला ते सांगू लागले.