शेवटच्या मुलीची वेणी

त्या प्रकरणाचं नाव निघालं की आजही माझा गोंधळ उडतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तिथे कोण चोर आणि कोण साव हे शेवटी तरी कळायचं. इथे ते अजून कळलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेठ वडगावजवळच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. नागपंचमी तोंडावर आली होती. सकाळीच एक टेम्पो ड्रायव्हर आईला घेऊन ठाण्यात आला. त्याची बायको आदल्या दिवसापासून बेपत्ता होती. मुलगी कोल्हापुरातल्या एका अनाथ मुलींच्या संस्थेत वाढलेली. संस्थेच्या विश्वस्तांनीच उन्हाळ्यात कन्यादान करून, भांडीकुंडी देऊन तिचं लग्न लावून दिलं होतं.

"भांडण झालं होतं?" मी विचारलं.

"न्हाय की, सायब."

"मारहाण?"

"बोट लावलं आसंल तर हात तोडा माझा."

सून बेपत्ता म्हटल्यावर पहिला संशय नवऱ्यावर. मिसिंगची तक्रार दाखल केली, त्याला ठाण्यातच बसवून ठेवलं आणि विहिरीत गळ टाकायला माणसं पाठवली. घराची पाहणी केली तेव्हा डोकंच चालेना. दागिने डब्यात जागेवर होते, फक्त लग्नातली साडी नव्हती. पळून जाणारी बाई दागिने ठेवून जात नाही, आणि जीव द्यायला निघालेली भारीतली साडी पिशवीत घालून नेत नाही. सासू पदराशी चाळा करत म्हणाली, "मी काय बी बोललो न्हाय तिला." तुम्ही काही बोललात का, असं मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी एसटी स्टँडवरच्या पानवाल्याने, आमच्या खबऱ्याने, निरोप धाडला. अशा वर्णनाची बाई काल कोल्हापूरच्या गाडीत बसली होती. दुसऱ्या दिवशी महिला शिपाई बरोबर घेऊन मी संस्थेत पोचलो.

अधीक्षिका सज्जन बाई. म्हणाल्या, "आली होती ना. पण लग्न झालेली मुलगी आम्ही ठेवून घेत नाही, नियम आहे. समजावून परत पाठवली."

मी हबकलो. इथून निघालेली मुलगी सासरी पोचलीच नव्हती. मग गेली कुठे?

व्हरांड्यात मुलींची वेणीफणी चालली होती. एकीच्या मागे एक अशी रांग, प्रत्येक मुलगी पुढचीची वेणी घालते आहे. एकेकीला विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, "आमी न्हाय बघितली." उत्तर इतकं एकसारखं की मला राग आला. शेवटी सगळ्यांत मागे बसलेल्या थोरल्या मुलीपाशी आलो आणि थबकलो. तिची एक वेणी रिबीन लावून झालेली, दुसरी अर्ध्यावर सुटलेली. तिचे दोन्ही हात पुढच्या मुलीच्या केसांत होते आणि तिच्या मागे कोणीच नव्हतं.

"तुझी वेणी कोण घालत होतं?"

तिने हातातला पेड आणखी घट्ट ओढला. रांगेतल्या सगळ्यांत धाकटीने कोठीच्या दाराकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

धान्याच्या पोत्यांआड आमची बेपत्ता सून बसली होती. अंगावर लग्नातली साडी, हातांवर मेंदी, हातात फणी.

"सासरी त्रास आहे का?" मी विचारलं.

"न्हाय वो सायब, माणसं चांगली हायती. पंचमीला गल्लीतल्या समद्या सुना माहेराला निघाल्या. म्हटलं, मी बी जातो. सासूबाई म्हणाल्या, तुला कुठलं आलंय माहेर. म्हणून हितं आलो. तर हितं बाई बी न्हाय म्हणाल्या." मग हळूच म्हणाली, "परत जाऊन त्यास्नी काय सांगू?"

नवरा निर्दोष होता. सासू तिला जे बोलली ते कागदोपत्री खरंच होतं. अधीक्षिका नियमाने वागल्या होत्या. संगनमत करून खोटं बोलल्या होत्या त्या फक्त या पोरी, आणि मला त्यांचंच बरोबर वाटत होतं. कलम कोणावर लावायचं?

मी अधीक्षिकांना म्हणालो, "बाई, चौकशी अपुरी आहे. पंचमी होईपर्यंत हिला इथून हलवू नका. पोलिसांचा आदेश समजा."

त्या आत वळून म्हणाल्या, "अगं, हिचं ताट वाढा."

ठाण्यावर परतून नवऱ्याला सोडलं आणि डायरीत नोंद केली, 'महिला माहेरी मिळून आली.' अनाथ मुलीला चांगल्या लोकांनी अन्न दिलं, शिक्षण दिलं, नवरा पाहून दिला. लग्नानंतर तिला परत यायला एक दार हवं हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही आलं नसतं. एवढंच त्या प्रकरणाने शिकवलं.

पुढच्या वर्षी पंचमीच्या आधी तो ड्रायव्हर ठाण्यात हजर. मी मिसिंगचं रजिस्टर पुढे ओढलं.

"आता काय झालं?"

"काय न्हाय, सायब. बायकूला माहेराला सोडून आलोय. म्हटलं, तुमच्या कानावर आसावं."