बायांची सोय

पनवेल गावात त्या काळी जेवढी माणसे समाजकार्याला लागली, त्यांतली निम्मी तरी आमच्या वन्संना रस्त्यात चुकवता न आल्यामुळे लागली, असे माझे ठाम मत आहे. उरलेली निम्मी त्यांना चुकवायला म्हणून दुसऱ्या गल्लीत वळली आणि तिथे त्या आधीच उभ्या होत्या. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या भगिनी. लहान वयात कपाळ पांढरे झाले, पण रडत न बसता त्या शिकल्या, अलिबागेला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाल्या, आणि नोकरी संपल्यावर आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या. शाळा सुटली तरी शाळा त्यांच्यातून काही सुटली नाही. सगळे पनवेल हा त्यांच्या लेखी चौथीचा वर्ग होता, आणि वर्गाने अजून गृहपाठ केलेला नव्हता.

काम सांगण्याची त्यांची एक खास रीत होती. "तुम्हाला जमेल का?" असे त्यांनी कधी कुणाला विचारले नाही. "उद्या सकाळी येताय ना, मग येताना घमेलं आणा," असे त्या म्हणत. समोरचा माणूस घमेले घरात आहे की नाही या विचारात पडे, आणि आपण येतो असे कबूल केलेच नव्हते हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत वन्सं पुढच्या ओट्यावर पोचलेल्या असत. एका संक्रांतीला त्यांनी गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाचे आवतण दिले. स्वतः विधवा, त्यामुळे कुंकू लावायला मला उभे केले. मात्र समारंभ घरी न ठेवता तळ्याच्या पायऱ्यांवर ठेवला. बायका जरीच्या साड्या नेसून आल्या, तिळगूळ घेतला, आणि तासाभरात त्याच बायका पदर खोचून तळ्यातले शेवाळ ओढत होत्या. "वाण लुटायचंच तर असं लुटा," वन्सं छत्रीच्या टोकाने पाण्यात दाखवत म्हणाल्या. "तो गोळा राहिला बघा तिकडे." घरोघरच्या नवऱ्यांनी त्या संध्याकाळी ओल्या जरीबद्दल बरेच ऐकून घेतले म्हणतात.

पुढे स्वराज्य येऊन काही वर्षे लोटली आणि श्रमदान, गावसुधारणा हे शब्द जो तो बोलू लागला. वन्संनी ते मनावर घेतले. गाव सुधारायचे तर आधी गाव नीट दिसले पाहिजे, म्हणून त्यांनी आमच्या अंगणात रांगोळीने अख्खे पनवेल काढले. तळी निळ्या रांगोळीची, पुण्याचा रस्ता गेरूचा, बाजारपेठेत दुकानांच्या जागी चिंचोके. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून त्या विचारत, तुमची गाडी कुठे सोडता, पाणी कुठून भरता, पावसात कुठे चिखल होतो. आणि त्याप्रमाणे चिंचोके हलत. हा नकाशा कुणी तुडवायचा नाही असा हुकूम होता. माझे यजमान एकदा कचेरीच्या वेळी दारात अडकून पडले. "अक्का, मी जाऊ कुठून?" त्यांनी कळवळून विचारले. "बाळ, तू गाढी नदीतून जा," वन्सं मान वर न करता म्हणाल्या, "तिथे सध्या कोरडं आहे." आणि दोन मुलांचा बाप असलेला तो बाळ धोतर सावरत नदीतून कचेरीला गेला.

त्या नकाशात तळ्याकाठी पुढे व्हायची एक बाग होती आणि बागेत हळदीचे सुरेख कारंजे होते. गावातल्या मंडळींनी सुधारणेसाठी समिती नेमली होती, तिचाही जीव त्या कारंज्यात अडकला होता. समितीत शोभेला एक बाई हवी म्हणून वन्संना घेतले होते. शोभेच्या वस्तूला तोंड असते, हे त्या सद्गृहस्थांना तेव्हा ठाऊक नव्हते.

वैशाखातली गोष्ट. मी आणि वन्सं बाजारातून परतत होतो. मासळीच्या रांगेत एकदम गलका झाला. गव्हाण गावाहून येणारी चांगुणा नावाची कोळीण टोपलीशेजारी कोसळली होती. मासळी आमच्या घरात वर्ज्य, पण वन्सं क्षणभरही थबकल्या नाहीत. दोघी-तिघींच्या मदतीने तिला उचलून आमच्या ओटीवर आणले, तोंडावर पाणी मारले. ती शुद्धीवर आली तसा वन्संनी तांब्या तिच्या ओठांशी धरला. तिने तोंड फिरवले.

"पानी नको, बाय."

"अगं, उन्हानं भोवळ आली तुला. पी."

"आमी बाजारात येतो त्या दिशी पानी पीत नाय," ती म्हणाली. "कोनीच नाय पीत. गड्यांचं बरं हाय, ते खाडीकडं जातात. आमी प्यायलो तर जायाचं कुठं?"

पहाटे अंधारात घर सोडायचे आणि दुपार कलल्यावर परत पोचायचे, तोवर घशाखाली थेंब उतरू द्यायचा नाही, हे ती अगदी सहज सांगत होती. जसे काही मासळी विकायची तर एवढे चालायचेच. आमच्या घरामागे संडास होता. वन्संनी तिला तिकडे नेले, मग पाणी पाजले, गूळ दिला आणि ओळखीच्या गाडीत बसवून दिले.

त्या दिवशी वन्सं गप्प होत्या. हा प्रकार इतका नवा होता की यजमानांनी डॉक्टरांना बोलवू का म्हणून मला हळूच विचारले. संध्याकाळी दिवा लावून मी अंगणात आले तर वन्सं नकाशापाशी उकिडव्या बसल्या होत्या.

"वहिनी, इतकी वर्षं आपण बाजारात जातो. तुझ्या कधी हे ध्यानात आलं?"

"नाही, वन्सं."

"माझ्याही नाही. आणि मी मोठी गावाचा नकाशा काढतेय!" असे म्हणून त्यांनी तळहाताने ते हळदीचे कारंजे पुसून टाकले.

समितीची पुढची बैठक शाळेच्या मोठ्या खोलीत होती. सोबतीला म्हणून मी मागे बसले होते. अध्यक्ष एक वकीलसाहेब होते, फार सभ्य माणूस. अशिलालाही 'आपण' म्हणत. कारंज्यावर सगळ्यांची भाषणे झाली. मग वन्सं उठल्या आणि म्हणाल्या, "मला कारंजं नको. बाजारातल्या बायकांसाठी संडास पाहिजे."

वकीलसाहेब कानांपर्यंत लाल झाले.

"बाई, हा विषय... म्हणजे स्त्रियांसमोर..."

"स्त्री मीच आहे, आणि विषयही मीच काढलाय."

"पण त्या बायांकडून तशी काही तक्रार आली आहे का?" दुसऱ्या एका सभासदाने विचारले.

"तक्रार करायला त्यांनी तुमच्यापुढे यायचं आणि हा शब्द उच्चारायचा? माझ्या तोंडून तुम्हाला ऐकवत नाहीये, त्यांच्या तोंडून काय ऐकणार तुम्ही!"

बराच वेळ खाकरणे झाले. शेवटी वकीलसाहेब म्हणाले की बाईंनी जागा मिळवावी, शेजारच्यांची संमती मिळवावी, मग समिती अवश्य विचार करील. हे दोन्ही होणे नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. आपल्या दाराशी संडास कोण येऊ देणार?

दुसऱ्या दिवसापासून वन्संची छत्री बाजारात फिरू लागली. छत्रीमागे वन्सं आणि वन्संमागे मी. कापडवाल्याने कल्पनेचे तोंड भरून कौतुक केले आणि किराणावाल्याच्या बाजूची जागा दाखवली. किराणावाला तर गहिवरलाच; असे पुण्यकर्म देवळामागेच व्हावे म्हणाला. देवळाच्या पुजाऱ्याने हात जोडले. अख्ख्या बाजाराला संडास हवा होता, आणि तो शेजाऱ्याकडे हवा होता. शेवटी मनासारखी जागा एकच उरली: मासळीच्या रांगेमागची लाकडाच्या वखारीची रिकामी कड. तिथे बैलगाड्यांची चाके बनत, घाटावरून लोक ती न्यायला येत. वखारीचे मालक हाजीसाहेब अदबीने उठून उभे राहिले.

"बाई, तुमची आम्ही इज्जत करतो. पण गिऱ्हाईक लांबून येतं. वखारीला खेटून असलं काही असलं तर काय म्हणेल?"

मला वाटले, आता जुंपणार. पण वन्संनी वाद घातला नाही. "अम्मी घरात आहेत?" एवढेच विचारून त्या वखारीला लागून असलेल्या घरात शिरल्या. आत पडद्याआड एक खूप म्हातारी बाई पलंगावर बसली होती. वन्संनी तिला चांगुणेची हकिगत सांगितली. म्हातारीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "दरवाजा कुठल्या बाजूला ठेवणार?"

वन्संनी ओल्या बोटाने फरशीवर रेघा ओढल्या. दार रस्त्याकडे नाही, आत वळून. समोर आडवी भिंत.

"आणि पाणी?"

"तुमच्या विहिरीचं. तुम्ही द्याल तर."

म्हातारीने मुलाला आत हाक मारली. "जागा देऊन टाक यांना. विहिरीवर रहाटही बसव."

"पण अम्मी, धंदा..."

"सारी उमर मी बाजार बघितला नाही," म्हातारी म्हणाली. "पडद्यासाठी नाही गेले असं तुम्ही समजलात. बुरखा घेऊन गेले असते की मी! तासन्‌तास बाहेर राहायचं तर जायचं कुठं, या भीतीनं नाही गेले."

हाजीसाहेब खाली बघत बाहेर आले आणि त्यांनी त्याच पावली गड्यांना कडेची लाकडे हलवायला सांगितले.

आता समितीला माघार घेता येईना. श्रमदान सुरू झाले. खड्डा चांगला खोल आणि बंदिस्त हवा, कुणाला डोक्यावरून मैला वाहावा लागता कामा नये, यावर वन्सं अडून बसल्या. गवंडी वैतागला, पण त्याने खणला. तळ्यावरच्या जरीवाल्या बायका या खेपेला जुनी लुगडी नेसून आल्या. मासळीवाल्या विक्री आटोपून आपल्या टोपल्यांतून माती वाहू लागल्या. आधी दोन रांगा होत्या, त्यांच्या वेगळ्या आणि आमच्या वेगळ्या. वन्सं मध्ये उभ्या राहून घमेली इकडची तिकडे देत राहिल्या, तेव्हा थोड्या वेळाने रांग एकच झाली. वकीलसाहेबही कोट घालून आले आणि कोटातच फावडे चालवू लागले.

प्रश्न उरला तो साफसफाईचा. "पाळी लावू. पहिली माझी, दुसरी वहिनीची," वन्संनी परस्पर जाहीर केले. घरी यजमान भडकले. "आपल्या घरातली बाई बाजारातले संडास धुणार?"

"बाळ," वन्सं शांतपणे म्हणाल्या, "तुझी लंगोटं मी धुतलीत. तेव्हा तू कुठल्या घरातला होतास?"

यजमान जेवता जेवता उठले. मला रात्रभर डोळा लागला नाही. खरे सांगायचे तर मलाही शिसारी येत होती; वन्संच्या धाकापुढे बोलले नव्हते इतकेच. सकाळी दार उघडले तर उंबऱ्याशी नवी बादली, खराटा आणि फिनेलची बाटली मांडून ठेवलेली. यजमान पाठमोरे बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्या वर्तमानपत्राचे पान बराच वेळ उलटले नाही.

उद्घाटनाला कुणी बडा माणूस मिळेना. ज्याला विचारावे त्याचा नेमका त्या दिवशी दौरा. "नकोच कुणी," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी चांगुणेला बोलावले. बघायला ही गर्दी! चांगुणा दाराशी आली, हसली, पदर तोंडात धरला आणि थबकली. तिच्यामागच्या बायाही थबकल्या. वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवून उत्तेजन दिले, तशी ती आणखीच आक्रसली. वन्संच्या एकदम ध्यानात आले. त्यांनी छत्री उगारली.

"अहो, बघताय काय? सभा संपली! सगळे पुरुष घरी जा. वकीलसाहेब, तुम्हीसुद्धा!"

बाजार रिकामा झाला. चांगुणा भिंतीआड गेली. बाहेर आल्यावर ती रहाटाचे पाणी ओंजळीने घटाघटा प्यायली आणि डोक्यावरही थापत वन्संना म्हणाली, "बाय, लई गोड हाय गो पानी." वन्संनी छत्री उघडली, मिटली. मग त्यांनी माझ्याकडे वळून मला विनाकारण रागे भरले.

पाळीतल्या बायका हळूहळू गळल्या, पुन्हा आल्या, पुन्हा गळल्या. वन्सं गळल्या नाहीत, त्यामुळे मलाही गळता आले नाही. वर्षांमागून वर्षे गेली. शेवटी पाय सुजून त्यांनी अंथरूण धरले तेव्हा एका दुपारी मी त्यांना तेल लावत होते. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "वहिनी, तुला मी फार राबवलं, नाही?"

"हो," मी म्हटले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि झोपी गेल्या. त्या थंडीतच त्या गेल्या.

त्यांच्यामागे काही महिन्यांनी मी बाजारातून जात होते. मासळीच्या रांगेत एक नवीच पोरसवदा बाई बसली होती. ती मला ओळखत नव्हती. माझा पदर ओढून तिने हळूच विचारले, "मावशी, हिकडं बायांची सोय हाय ना? कुठं हाय?" मी वखारीमागची भिंत दाखवली. "जरा टोपलीवर नजर ठेवा हां," म्हणत ती गेलीसुद्धा.

मी जन्मात मासळीला हात लावलेला नाही. पण टोपली सोडून जाणार कशी? तिच्या पाटावर बसले आणि पदराने माश्या वारू लागले. ओळखीच्या दोघी समोरून गेल्या, माझ्याकडे बघून चरकल्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक थांबले आणि त्याने विचारले, "बोंबलांचा वाटा काय भाव?"

मला सांगता आले नाही. वन्संना नक्की आले असते.