साखर उतरवणारं टमरेल

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, साखर झाली ती गावाला बरीचशी मानाची गोष्ट वाटली. मानवतच्या अलीकडं आमचं गाव. तोवर हा आजार तालुक्याच्या अडत्यांना वगैरे व्हायचा. शेतात राबणाऱ्या माणसाला तो झाला म्हणल्यावर लोक आबांकडं जरा वेगळ्या नजरेनं बघू लागले.

आबांना मात्र साखरेचं काही वाटत नव्हतं. त्यांचं दुखणं डोळ्याचं होतं. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला आणि दुसऱ्यात उतरायला लागलेला. तिफण धरावी तर आबांनी, असं पंचक्रोशीत बोललं जायचं. त्याच आबांच्या ओळी त्या साली वेड्यावाकड्या उगवल्या आणि जाणारे-येणारे बांधावर थांबून हसले. आबा दोन दिवस जेवले नाहीत. पुढच्या पेरणीआधी डोळा करून घ्यायचाच, असं त्यांनी धरलं. पण डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, "साखर उतरल्याशिवाय मी सुरी लावणार नाही."

त्याच सुमाराला एक तरुण डॉक्टर आमच्या गावी यायला लागला. शहरात मोठं शिक्षण घेत होता आणि त्याचं संशोधन चाललं होतं. नुसत्या गोळ्या वाढवत न बसता खाणं बदललं, रोज चाललं, तर साखर किती उतरते हे त्याला बघायचं होतं. बाहेरच्या देशात आता हेच नवं निघालंय, असं तो फार कौतुकानं सांगायचा. आबा आणि गावातले आणखी काही साखरवाले त्यानं धरले. शाळेच्या ओट्यावर तो स्पिरिटचा दिवा पेटवायचा, काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचा, त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचा. साखर नसली तर निळं निळंच राहायचं, थोडी असली तर हिरवं व्हायचं आणि फार असली तर विटेसारखं लाल. आबांचं लाल झालं. "रोज सकाळी तासभर चालायचं," डॉक्टरनं बजावलं.

ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. एसटी कधी बंद पडेल याचा नेम नसायचा, त्यामुळं डॉक्टर एकदा गेला तो महिन्यानंच उगवला. तोवर आबा एक दिवसही न चुकता चालले होते. नळी आधीपेक्षा लाल झाली. जे आळशी घरी बसून राहिले होते त्यांची होती तेवढीच, आणि जे चालले त्यांची वाढलेली. डॉक्टरचा चेहरा उतरला. "असं कुठंच घडलेलं नाही," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्याची कीव आली, पण त्याहून जास्त आबांचा राग आला. मी तेव्हा परभणीला कॉलेजात शिकत होते आणि जगातलं सगळं मलाच कळतं असा माझा समज होता. वाटेत ते काय करतात हे बघायला दुसऱ्या दिवशी मी आबांच्या मागं निघाले.

पहिलं वळण येईस्तोवर आबा चालले. तिथं एका दारातून हाक आली, "आबा, कुठं चाललाव सकाळी सकाळी?"

"कुठं न्हाई, चालायलोय नुसतं."

आमच्याकडं नुसतं कुणी चालत नाही. ज्याला कुठं जायचं नाही तो रिकामा, आणि रिकामा माणूस दारावरून चहा न घेता गेला तर त्या घराचीच शोभा होते. आबा बसले. चहा आला. मान म्हणून आबांच्या कपात चमचाभर साखर जादा. मग पुढचं दार, तिथं पुन्हा तेच. आबांना माणसं नीट दिसत नव्हती, पण कपबशी वाजली की पाय आपोआप थबकायचे.

मी वाटेतच भांडले, "न्हाई म्हणता येत न्हाई का?"

"न्हाई कसं म्हणावं गं? बिचारी म्हातारी चुलीवर आधण ठिवून वाट बघायलीय."

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. माय भाकरी थापत होती. ती हसली नाही, चिडलीही नाही. दुसऱ्या दिवशी आबा निघाले तेव्हा तिनं अंगणातल्या कोपऱ्यातलं पत्र्याचं टमरेल पाण्यानं भरलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"आता हे काहून?" आबा म्हणाले. "माझं झालंय परसाकडचं."

"झालं असू द्या. घिऊन चाला."

"लोक काय म्हणतील?"

"टमरेलवाल्या माणसाला कुणी काय म्हणतंय का कधी?"

खरंच कुणी म्हणालं नाही. टमरेल घेऊन निघालेल्याला हाक मारायची नाही, थांबवायचं नाही, त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही, हे आमच्याकडं लहान लेकराला कळतं. आबा वेशीबाहेर पडले, थेट दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत गेले आणि घामानं भिजून परत आले. आठवडाभरात शेजारणीनं गाडगंभर ताक आणून दिलं आणि मायला हळूच विचारलं, "आबांचं पोट लयच बिघडलंय का?" मायनं ताक ठेवून घेतलं.

मग बाकीचे साखरवालेही टमरेल घेऊन निघायला लागले. सकाळी मानवतच्या सडकेनं म्हाताऱ्यांची रांगच चालायची, प्रत्येकाच्या हातात टमरेल आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

पुढच्या खेपेला आबांची नळी हिरवी झाली, त्याच्या पुढच्या खेपेला निळी राहिली. डॉक्टरला आनंद आवरेना. "काय बदल केलात?" त्यानं खोदून खोदून विचारलं. शिकलेल्या माणसासमोर टमरेलाचा विषय कसा काढायचा म्हणून सगळे खाली बघत राहिले. शेवटी आबा म्हणाले, "तुमच्या चालण्यानंच उतरली साहेब." तेच त्यानं लिहून घेतलं. मायचं नाव कुठंच आलं नाही, आणि याचा राग मला अजून आहे.

डोळा झाला. जाड भिंगाचा चष्मा लावून आबांनी त्या साली तिफण धरली. ओळी सुतासारख्या उगवल्या आणि आबा स्वतःच बांधावर जाऊन बघत बसायचे.

पुढं माझं लग्न होऊन मी परभणीला राहायला लागले. एकदा आबा मुक्कामाला आले ते पिशवीत टमरेल घेऊनच. घरात संडास आहे, हे सांगूनही ते सकाळी टमरेल घेऊन कॉलनीत फिरायला निघाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा चेहरा बघून दुसऱ्या दिवशी ते निघाले ते मोकळ्या हातानं. तासाभरानं आले आणि पायरीवर बसले.

मी विचारलं, "कुणी चहाला थांबवलं का?"

"न्हाई." ते वहाणा काढायला लागले. "इथं टमरेलाची गरजच न्हाई गं. साऱ्या कॉलनीत कुणी कुठं चाललाव म्हणून इचारलं न्हाई." त्याच दुपारच्या एसटीनं ते गावी गेले.

आता मलाही साखर आहे. पायात चांगले बूट घालून मी रोज तासभर त्याच कॉलनीत चालते, आणि माझी साखर अगदी ताब्यात आहे.