झाडाखालची वर्तुळं

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रासमोर आज सकाळी सिस्टर चुन्याची बादली घेऊन ओणव्या झालेल्या दिसल्या. जमिनीवर पांढरी वर्तुळं काढत होत्या. साथीच्या दिवसांत रांगेत अंतर राहावं म्हणून काढायचे, तशीच.

"सिस्टर, परत आली की काय साथ?" मी दचकून विचारलं.

"नाही आली. म्हणून तर हात मोकळे आहेत."

मला मागची वर्तुळं आठवली. ती दारासमोर, भर उन्हात होती. गावानं काय करावं? एकेका वर्तुळात आपापल्या चपला ठेवल्या आणि सगळे कडुनिंबाखाली खेटून गप्पा मारत बसले. चपलांनी अंतर अगदी काटेकोर पाळलं. माणसं एकमेकांच्या तोंडावर खोकत राहिली. त्यातले काही जण पुन्हा कधी त्या सावलीत बसायला आले नाहीत.

तयारी म्हटलं की डोळ्यांसमोर मोठमोठी यंत्रं येतात. तीही हवीतच. पण आपल्या माणसांना ऊन सोसत नाही, गप्पांवाचून राहवत नाही, हे ध्यानात ठेवणं हीसुद्धा तयारीच. पुढची साथ कशी असेल, कुणास ठाऊक. आपण कसे वागू, ते मात्र आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

म्हणूनच सिस्टर या वेळी झाडाखाली वर्तुळं काढत होत्या. मांडी घालून बसता येईल एवढी ऐसपैस, आणि बोललेलं ऐकू येईल इतक्या अंतरावर.

"पावसात धुऊन जातील हो," मी म्हटलं.

"मग परत काढू," त्या म्हणाल्या आणि बादली माझ्याकडे सरकवली.